पप्पा गावाला गेलेत

वडील वारल्यावर महिन्याभराने राजरत्न बँकेत गेला आणि काउंटरवर म्हणाला, "पप्पा गावाला गेलेत."

विचारलं होतं नयनने. वर्तकनगरच्या त्या शाखेत नयन कर्जाचं टेबल सांभाळायचा. मूळचा बाळकुमचा, आगरी. आजोबांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले होते, तरी हा रोज शर्ट खोचून नोकरीला यायचा. राजरत्नच्या घराचं कर्ज त्याच्याच हातून मंजूर झालेलं. पप्पांशी त्याचं बरं जमायचं.

"गावाला? एवढ्या उन्हात?"

"तिकडच्या घराचं काम काढलंय."

नयनने पावती छापून दिली. संपलं. राजरत्न आणखी तीन खोटी कारणं पाठ करून गेला होता. ती लागलीच नाहीत.

हे खोटं त्याचं नव्हतं. ते थोरल्या काकांनी शिकवलेलं.

पप्पा, म्हणजे रवींद्र, डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर होते. फेब्रुवारीत एका दुपारी पाळी संपवून घरी आले, बूट काढायला खाली बसले ते उठलेच नाहीत. वय एक्कावन्न. शहाडच्या स्वतःच्या घरात येऊन चारच वर्षं झाली होती. त्याआधी सव्वीस वर्षं वर्तकनगरला भाड्याची खोली. नव्या घराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधून उल्हास नदीचा एक तुकडा दिसायचा. आई, मीराबाई, तिथे स्टूल टाकून बसायची. दुपारचा चहा तिथेच घ्यायची.

कर्ज अकरा लाख चाळीस हजार उरलं होतं. पप्पांची त्याबद्दल एकच कुरकुर असायची. बँकेने बेचाळीस हजार कसले तरी जास्तीचे कर्जात घातलेत म्हणायचे. चार वर्षं म्हणाले, विचारायला गेले नाहीत. साहेबलोकांना कशाला दुखवा.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम इमारतीच्या पार्किंगमध्ये झाला. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग आदरांजलीची भाषणं. थोरले काका धोंडिबा शेवटी उठले. नगरपालिकेतून निवृत्त, विहार कमिटीचे अध्यक्ष. माईक हातात आला की त्यांच्याकडून तो काढून घ्यावा लागायचा.

"माझ्या भावाचं एकच स्वप्न होतं," ते म्हणाले, "आणि ते अर्धं राहिलं. पण मी या ठिकाणी जाहीर करतो, की पहिल्या स्मृतिदिनाच्या आत राजरत्न हे घर कर्जमुक्त करील, आणि घराचे कागद बापाच्या फोटोपुढे ठेवील!"

अशा कार्यक्रमात कोणी टाळ्या वाजवत नाही. त्या दिवशी दोनशे माणसांनी वाजवल्या. सगळे वळून बघायला लागले. राजरत्न उभा राहिला आणि त्याने हात जोडले. त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो सव्वीस वर्षांचा होता आणि गेले नऊ दिवस नीट झोपला नव्हता.

जिन्यात त्याने काकांना गाठलं. "मोठे पप्पा, बँकेला कळवायला पाहिजे ना?"

"येडा झालास काय? मेलेल्या माणसाला कोण उधार देतं? कळलं की दुसऱ्या दिवशी दाराला टाळं. कंपनीला सांग, फंड सुटेल. बँकेत तोंड उघडायचं नाही."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"गावाला गेलेत म्हण. गावाला गेलेल्या माणसाची चौकशी कोण करतंय?"

कंपनीकडून फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आठ लाख आले. राजरत्नने ते सगळे कर्जात भरले. कर्जावर आईचंही नाव होतं, तिच्या सहीने पैसे भरता यायचे. उरले तीन लाख चाळीस हजार आणि अकरा महिने.

तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये होता. सकाळी सहापासून बाळकुमच्या टॉवरांमध्ये घरोघरी जाऊन रक्त काढायचं. संध्याकाळी त्याने दुसऱ्या लॅबमध्ये काउंटर धरला. धाकटी बहीण पायल नर्सिंगला लागली होती, तिने पहिल्या वर्षाची फी भरली नाही. कल्याणला साडीच्या दुकानात उभी राहायला लागली. आईच्या दोन बांगड्या आणि डोरलं गेलं, त्याचे एक लाख दहा हजार आले. देताना आई म्हणाली, "आता कोणासाठी घालायच्यात?" त्याला रडू आलं नाही. त्याने मनात एक लाख दहा वजा केले.

आणि आईचे डोळे.

पप्पा असतानाच निदान झालं होतं, काचबिंदू. कल्याणच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. ही नजर कडेने जाते, म्हणून माणसाला कळत नाही, मधली शेवटी जाते. गेलेली परत येत नाही. रोज थेंब टाकायचे आणि वर्षाच्या आत ऑपरेशन. दोन्ही डोळ्यांचे साठ हजार. पप्पांनी ते बाजूला ठेवले होते. पहिल्याच फेरीत तेही बँकेत गेले.

"स्मृतिदिन झाला की लगेच करू," राजरत्न म्हणाला.

"आधी कागद," आई म्हणाली. "ह्यांचा शब्द गेलाय दोनशे माणसांत."

शब्द ह्यांचा नव्हता, धोंडिबांचा होता. पण मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.

जूनमध्ये नयन म्हणाला, "तुझा बापूस तिकडं शेती करायला लागला का काय रं?"

"तसंच समजा."

"मग तांदूळ पाठवायला सांग. फुकट शिक्के मारतोय मी."

शेजारच्या टेबलावरची बाई हसली. राजरत्नही हसला.

ऑगस्टमध्ये आईने चहा कपाच्या बाजूला ओतला. दाराच्या चौकटीला खांदा आपटला, मग आणखी एकदा. पायलला संशय आला. तिने फ्रिजच्या दारातली थेंबांची बाटली उजेडात धरली. एक महिन्याची बाटली दोन महिने चालली होती.

"आई, तू रोज टाकतेस ना?"

"टाकते की. सम तारखेला उजवा, विषम तारखेला डावा."

"कोणी सांगितलं तुला असं?"

"सहाशेची बाटली आहे ती, पायल."

पायल रात्री जेवताना भावाला म्हणाली, "दादा, लोकांचं रक्त काढतोस ते बरंय. घरातल्यांचं किती काढशील?"

"सहा महिने राहिलेत. तुला काय हौस वाटते का?"

"मोठ्या पप्पांना सांग ना. माईकवर जाहीर करतील, आईला दिसायला लागलं म्हणून."

आई म्हणाली, "पुरे. गिळा आता."

सरकारी रुग्णालयात ऑपरेशन फुकट होणार होतं. नोव्हेंबरची तारीख मिळाली. त्याच दिवशी एका मोठ्या सोसायटीत तपासणी शिबिर लागलं. दीडशे माणसं, दुप्पट पैसे. पायलच्या दुकानात लग्नसराई, सुट्टी म्हणजे नोकरी गेली. राजरत्न सकाळी दारात घुटमळला.

"जा तू," आई म्हणाली. "डोळे काय पळून जातात?"

तो गेला. पुढची तारीख मार्चची मिळाली.

दिवाळीतही नयनने विचारलं होतं. "सणाला तरी आले का?"

"येऊन गेले."

"येऊन गेले आणि मला भेटले नाहीत? रागावलेत का माझ्यावर?" मग डिसेंबरमध्ये त्याचा आवाज बदलला. पावती हातात ठेवून तो हळूच म्हणाला, "तब्येत बरी आहे ना रे त्यांची? काही असेल तर सांग. आपण बघू."

राजरत्न प्रिंटरकडे बघत राहिला. "ठणठणीत आहेत," म्हणाला.

त्याच महिन्यात आईचा उजवा डोळा गेला. कोणत्या दिवशी, ते तिलाही सांगता आलं नाही. जानेवारीच्या शेवटी डाव्यात फक्त उजेड उरला. खिडकी आहे एवढं कळायचं. तिने घरात ओरड केली नाही. स्टूल मात्र तिथेच ठेवलं.

स्मृतिदिनाला सहा दिवस असताना राजरत्नने शेवटचे एकोणीस हजार भरले. नयनने उभं राहून हात मिळवला.

"सुटलास. आता मूळ कागद द्यायचे तर कर्जदार समोर लागतो. आता तरी बोलव बापसाला."

"नाही येणार ते."

"का?"

"वारले."

"काय बोलतोस? कधी?"

"मागच्या फेब्रुवारीत."

नयन खाली बसला. मग कपाटातून फाईल काढली, पानं उलटत मध्यावर आला आणि थांबला. तिथे एक गुलाबी कागद होता. पप्पांची सही होती, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढलेली.

"हा विमा आहे," तो म्हणाला. "बेचाळीस हजारांचा. कर्जातच घातलेला. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते. सगळं. तू पहिल्यांदा आलास ना, त्या दिवशी मृत्यूचा दाखला दिला असतास तर एक रुपया भरायला लागला नसता."

राजरत्नने कागद वाचला. पुन्हा वाचला. तारीख बरोबर होती, रक्कम बरोबर होती.

"मी विचारत होतो रे," नयन म्हणाला. "दर महिन्याला विचारत होतो."

त्याने गुलाबी कागद परत फाईलला लावला. "भरलेले पैसे परत मिळतील. मी स्वतः मागे लागतो. फक्त कळवायला उशीर का झाला ते लिहून द्यायचं."

"काय लिहू?"

नयनने विम्याचा कोरा अर्ज काढून त्याच्यापुढे सरकवला.

राजरत्नने घरी फक्त पायलला सांगितलं. ती दुकानातून येऊन पाय चेपत बसली होती. ती चेपत राहिली. मग म्हणाली, "आईला कळता कामा नये." वर्षभरात दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

अर्जावर आईने सही केली. त्याने बोट ठेवलं तिथे पेन टेकवलं. कसला कागद, विचारलं नाही.

स्मृतिदिनाला पार्किंगमध्ये पुन्हा खुर्च्या लागल्या. कर्जावर आईचंही नाव होतं म्हणून बँकेने घराचा मूळ करार तिच्या ताब्यात दिला होता. पायल तिला कोपराला धरून फोटोपर्यंत घेऊन गेली. आईने करार ठेवण्याआधी त्यावरून हात फिरवला. "जाड आहे गं कागद," म्हणाली.

धोंडिबांच्या हातात माईक होता. "दिलेला शब्द पाळणारं हे घराणं!" ते ओरडले. "मीरा, डोळे भरून बघ! तुझ्या घरावर आज कोणाचा हक्क नाही!"

टाळ्या झाल्या. आईने टाळ्यांच्या दिशेने हात जोडले. फोटो दुसऱ्या बाजूला होता.

मार्चच्या तारखेला राजरत्न तिला घेऊन गेला. डॉक्टरने उजेड टाकला, दोन मिनिटं बघितलं. नस सुकली होती. "आता कशाचं ऑपरेशन करू?" त्याने विचारलं. तो चांगला माणूस होता, त्याला खरंच कळत नव्हतं.

पैसे जूनमध्ये आले. रविवार होता. आई खिडकीशी स्टुलावर बसली होती, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. मांडीवरचा तिचा फोन वाजला.

"काय आलंय, बघ रे."

राजरत्नने फोन घेतला. अकरा लाख चाळीस हजार जमा. पायल ओट्याशी भांडी घासत होती, तिने नळ बंद केला.

"काही नाही," तो म्हणाला. "जाहिरात आहे."

"कसली?"

"कर्जाची. घर घ्या म्हणतात."

आई हसली. वर्षभरात पहिल्यांदा मनापासून हसली असेल.

"त्यांना कळव," ती म्हणाली, "आमचं फिटलं म्हणून."