लाइलच्या मापाचं बाक

व्हर्लिन टोस्ट्रड माणूस सरळ, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. साउथ डकोटातले आमच्याकडचे कच्चे रस्ते त्याने एकतीस वर्षं सपाट केले. बायको कधीच गेली, पोरंबाळं नाहीत. होता तो एकच, थोरला भाऊ लाइल. दर जूनला दोघं ऑरिन ब्राटनच्या कुरणात प्रेअरी डॉग मारायला जायचे. भुंकल्यासारखा ओरडतो म्हणून नाव कुत्र्याचं, पण जात खारीची. घुशीएवढा जीव, पण बिळं पाडून कुरणाची चाळण करतो. त्यामुळे बंदूकवाला आला की ऑरिन आपणहून कॉफी पाजायचा.

अडतीस वर्षांचा शिरस्ता होता. एकाने वीस गोळ्या झाडायच्या, दुसऱ्याने दुर्बिणीतून बघून सांगायचं, लागला की हुकला. मग पाळी बदलायची. दुर्बिणीवाल्याचा शब्द शेवटचा. मध्ये शेताच्या वाटणीवरून दोघांचा दोन वर्षं अबोला होता. तेव्हाही जूनला गेले आणि दिवसभर तेवढे दोनच शब्द बोलले. पण खोटं ‘लागला’ कुणी कधी म्हटलं नाही.

गेल्या सप्टेंबरात लाइलच्या फुप्फुसांनी दगा दिला. नाकात प्राणवायूची नळी आली. पुढच्या वर्षीचा नाताळ दिसेल असं डॉक्टर म्हणेनात. लाइलने भावाला एवढंच सांगितलं, की जूनला एकदा घेऊन चल, मग काय व्हायचं ते होऊ दे.

रायफल टेकवून नेम धरायचं त्यांचं जुनं बाक चार पायांचं, उंचसखल जमिनीवर डुगडुगणारं. एका पायाखाली कायम चपटा दगड. त्यावर वाकून बसणं आता लाइलच्या कुवतीबाहेर होतं. व्हर्लिनने नवं करायला घेतलं. पाय तीनच, कारण तिपाई कशीही ठेवा, डुगडुगत नाही. ते पाइपचे, आटे पाडलेले, फिरवून काढता-लावता येणारे. वर जाड प्लायवूड, छाती आत बसेल अशी खाच कापलेली. बैठक जुन्या ट्रॅक्टरची, पाठीला टेकू, सगळं गोल फिरणारं. सुटं केलं की गाडीत मावावं, लावलं की दगडासारखं बसावं, हा त्याचा हट्ट.

दर रविवारी तो लाइलच्या स्वयंपाकघरात माप घ्यायला जायचा. त्याला खुर्चीत बसवायचं, रिकामी रायफल हातात द्यायची, कोपराखालची उंची मोजायची. जानेवारीतलं माप मार्चमध्ये चुकलं. व्हर्लिन टेपवर चिडला. टेपचा काय दोष? माणूसच खंगून खाली खाली चालला होता. त्याने पाय कापले. मेमध्ये पुन्हा कापले. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा करवत चालवताना तो शेडमध्ये एकटाच ढसाढसा रडला.

आणखी एक गोष्ट त्याने केली होती. दर शरदात ऑरिन बिळांत विष लावलेले ओटचे दाणे टाकायचा. व्हर्लिनने त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले: यंदा विष नको, दुसरा बंदूकवालाही नको, लाइलसाठी भरपूर राहू देत. ऑरिन कुरकुरला, पण शब्दाला जागला.

ठरल्या दिवशी सकाळी कुरणात बाक लागलं. लाइलला उचलून बसवलं. कोपर बरोबर, खाच बरोबर, गुडघे बरोबर. लाइल प्लायवूडवरून हात फिरवत राहिला. तेवढ्यात ऑरिन गाडीतून उतरला आणि व्हर्लिनला बाजूला घेऊन गेला.

“महिना झाला रे. पिसवांतून प्लेग आला. दाटी झाली की येतोच तो. सगळे मेले. तुला सांगायला दोनदा फोन उचलला, पण तोंडच उघडेना.”

व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विष टाकू दिलं असतं तर दाटी झाली नसती, निम्मे तरी उरले असते. भावाचा एकुलता एक दिवस त्याने आपल्याच हाताने मातीत घातला होता. तो परत येऊन दुर्बिणीमागे बसला.

“त्या तिसऱ्या ढिगावर एक उभा आहे,” लाइल म्हणाला. “वारा?”

“डावीकडून. थोडासाच.”

बिळातून उकरलेल्या मातीच्या त्या ढिगावर नुसतं वाळकं खोड होतं. गोळी सुटली, पलीकडे धूळ उडाली.

“लागला,” व्हर्लिन म्हणाला.

पाच वेळा लाइलने ढीग दाखवला, पाच वेळा गोळी झाडली, पाचही वेळा व्हर्लिन लागला म्हणाला. मग लाइलने रायफल खाली ठेवली.

“अरे, नळी नाकात घातलीय, कानात नाही,” तो म्हणाला. “आल्यापासून एकही ओरडला नाही. चल, उठव मला. तुझी पाळी.”

“लाइल, राहू दे ना.”

“पाळी म्हणजे पाळी. बस.”

व्हर्लिन बसला. गुडघे फळीला अडकले, छाती खाचेत जाईना. तसाच वाकडातिकडा होऊन त्याने रिकाम्या कुरणात गोळी झाडली. लाइलने दुर्बिणीला डोळा लावला.

“लागला,” तो म्हणाला.

ऑगस्टात लाइल गेला. बाक शेडमध्ये आहे. दोघातिघांनी मागितलं, बसून पाहिलं, कुणालाच बसलं नाही. नवे लांब पाइप फिरवून बसवले की झालं, पाच मिनिटांचं काम. व्हर्लिन ते करत नाही.