उंबरठ्यावरचा फोटो

मालगुजारीनबाईनं फोटो दोन बोटांत धरला. कोपऱ्यानं. नाकाजवळ नेला अन् दूर केला.

"ह्यालेबी मासोळीचा वास येते व," म्हने.

घरापुढच्या सपरीत दोन पाहुन्या बाया बसल्या होत्या. त्या हासल्या. मी पायरीखाली उभी होती, चपला काढतात तिथी. पलसाच्या पानात मासोळ्या बांधून आनल्या होत्या. कोनाच्या घरी काम घेऊन जाचं त रिकाम्या हातानं कसं जाचं.

बाईनं फोटो त्या बायांकडं फिरवला.

"पाहा बापा. ह्यात नवरी कोनती अन् बुजगावनं कोनतं, सांगा. असे फोटो धाडले हिच्या सुनेनं परदेशात. मंग नाई म्हननार नाई त काय वाजा लावून बोलावनार?"

फोटो माह्या पोराच्या लग्नाचा. मंगेश अन् वर्षा मांडवात उभे. दोघांच्याबी डोक्याले बाशिंग. आमच्या घरी बाशिंग लहान नसते. बेगडाच्या लडी नाकाच्या खाली लोंबतात, तोंड दिसत नाई. दिसू द्याचंच नसते. मांडवातून निघाले का घरच्या उंबरठ्यापर्यंत झाकलेलंच. तिथी सासू उभी राह्यते. ती बाशिंग उचलते, दोघांच्या तोंडात गुळाचा खडा देते, मंग सारे जन सुनेचं तोंड पाह्यतात.

बाईले हे मालूम नव्हतं असं नाई. माही सारी उमर तिच्या घरच्या जमिनीत, धानाच्या बांद्यांत रोपं लावन्यात, रोवना करन्यात गेली. आमची लग्नं तिच्या डोळ्यापुढं झाली.

"तुमाले जाळं फेकता येते," बाई म्हने. "वीजाचा फारम नाई भरता येत. आमच्या पोरानं नागपूरचा एजंट लावला, तवा आमची सून गेली. अन् तुमी तलावाच्या पाळीवर बसून मोबाईलवर भरता. सोड ते खूळ. आमची सून गेली तसे घरात हात कमी पडून राह्यले. तुहीले सकाळी पाठवत जा, भांड्याले."

मंग पाहुनीकडं पाहून हळूच म्हने, पन मले ऐकू येईन असं.

"तिकडं हिच्या पोरानं गोरी ठेवली असन. सुनेले कोन बोलावते?"

मी हात पुढं केला. फोटो वापस घेतला. मासोळ्या तिथीच राह्यल्या.

लोक म्हनतीन, बाईनं वाईट केलं. केलं. पन मी तिच्या पायरीवर गेली काऊन होती, तेबी सांगाले पाह्यजे. नाई त हे सांगनं खोटं होते.

मंगेश माहा एकच. बाप त्याचा लवकर गेला. मी तलावातल्या मासोळ्या टोपल्यात घेऊन सिंदेवाहीच्या बजारात बसत होती. पोरगं नर्सिंग शिकलं. आमच्या ढिवरांत कोनी बाप्या मानूस नर्स होते का, लोक हासत होते. चंद्रपूरच्या दवाखान्यात लागला. मंग आयर्लंड म्हनून देश आहे, तिथच्या दवाखान्यात लागला. मले ते नावबी घेता येत नव्हतं. सुट्टीवर आला, लग्न केलं, दहा दिवसांनी गेला. सून माह्याजवळ ठेवून गेला. म्हने, "माय, कागद झाले का तिले बोलावतो."

तिले. मले नाई.

तो शब्द माह्या पोटात काट्यासारखा बसला. मासोळीचा काटा गळ्यात अडकते, भात गिळला का उतरते. हा नाई उतरला.

आमच्या घरात रेंज नाई. तलावाच्या पाळीवर, बांधावर जा लागते. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. माह्यासंगं, जेवली का, गोळी घेतली का. झालं. मंग मोबाईल तिच्या हातात. ती पाळीवर दूर जाऊन बसत होती, अन् मी घरून पाह्यत होती. तिचं हासनं पान्यावरून ऐकू येत होतं. माह्या पोराची गोष्ट, अन् हासून कोन राह्यलं त ही, काल आलेली. मी जळत होती. लपवून काय करू. मालगुजारीनबाईवर जळली मी, का तिचा पोरगा तिले दर वर्सी तिकडं नेते. तिच्या सुनेच्या फोटोची पोथी पाहून जळली, खाटेच्या पाटीएवढी जड. अन् आपल्याच घरात जेवनाऱ्या पोरीवर जळली.

एजंट नको म्हनून मंगेशनंच सांगतलं होतं. "आपुनच भरू. तिले वाचता येते, मी इकडून सांगीन." तो तिथून सांगे, ही इथी भरे. त्यात सतरा गोष्टी. दोघं पह्यल्यांदा कुठी भेटले, कधी, घरच्यांले कधी सांगतलं. पान अर्धं भरलं का रेंज जाये. पान कोरं. पुन्हा पह्यल्यापासून. पोरगी वाळून गेली. केस गुंता व्हावा तसे फनीत येत. ताटावर बसली का डोळे दाराकडं. मंगेश फोनवर चिडे, "नाव पासपोर्टवर आहे तसंच टाक म्हनलं न," अन् ही तोंड फिरवून पदरानं नाक पुसे. नवरा-बायकोत दोन दिवस बोलनं बंद. मले त्याचंबी बरं वाटलं. इतकी वाईट झाली होती मी.

तिथच्या लोकांनी लग्नाचे फोटो मागतले. दोघांचं तोंड दिसलं पाह्यजे, घरचे लोक संगं पाह्यजे. सारे फोटो बाशिंगातले. बाशिंग उतराच्या आंधीच फोटोवाला जेवाले बसला, अन् मंग निघून गेला.

एकच फोटो होता. उंबरठ्यावरचा. मंगेशच्या दोस्तानं मोबाईलवर काढला होता. माहे दोन्ही हात वर, दोन्ही बाशिंगं उचलून धरलेली, अन् खाली दोघांची तोंडं. मंगेश माह्याकडं पाहून राह्यला. त्या दोस्तानं सिंदेवाहीवरून एक कॉपी काढून मले आनून देल्ली. कोनाले धाडाच्या आंधीच त्याचा मोबाईल तलावात पडला. जगात तो एकच फोटो, अन् तो माह्या पेटीत.

वर्षा मले आत्या म्हनते. तिनं इचारलं. "आत्या, तो उंबरठ्यावरचा होता न? पेटीत पाहा न जरा."

मी म्हनलं, "उंदरानं कुरतडला."

ती "बरं" म्हने. एवढंच. उंदीर कधी, कुठी, काही नाई इचारलं. फाईल घेऊन एकली मुंबईले गेली, जमा करून वापस आली.

दोन-अडीच महिन्यांनी कागद आला. नाई म्हनून. तिनं मले वाचून सांगतलं. त्यात बाकीचंबी होतं, पन मले एक समजलं. तुमी नवरा-बायको आहा, हे आमाले पटलं नाई.

ती कागद मांडीवर घेऊन बसली. रडली नाई. म्हने, "लग्नात चारशे मानसं जेवली, आत्या. अन् त्यांले पटलं नाई."

तवा मी तिले म्हनलं, मालगुजारीनबाईच्या घरी कागद झाले आहेत, मी जाऊन इचारतो. मांडवातला एक फोटो घेतला अन् गेली. पोरीले वाटलं, सासू आपल्यासाठी धावून राह्यली.

खरं सांगून राह्यली. मी 'नाई होत' ऐकाले गेली होती. मोठ्या घरच्या बाईच्या तोंडून. ती म्हनन, सोडा, तुमच्यानं नाई होत. मंग मी घरी येऊन म्हनीन, पाह्य व पोरी, बाईबी तसंच म्हनते. मंगेशबी थकन. मंग येईन वापस. नाई त ही तरी राह्यन माह्याजवळ, माह्यासारखीच वाट पाह्यत.

अन् बाईनं म्हनलं न. जे पाह्यजे तेच म्हनलं. सोड ते खूळ.

मी तलावाच्या पाळीनं घरी येत होती. बाईचे शब्द डोक्यात वाजून राह्यले होते. तिले कोन बोलावते. तिले भांड्याले पाठव. जाळं फेकता येते, फारम नाई भरता येत. अन् मधीच मले समजलं का हे बाईचे एकलीचे नाई. अर्धे माहे आहेत. माह्याबी मनात हेच होतं का ह्या पोरीनं उंबरठ्याच्या आत राहावं. बाईले ती भांड्याले पाह्यजे होती, मले माह्यासंगं जळाले. बाईनं तोंडानं म्हनलं, मी पेटीत घालून ठेवलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तवा त्याची घान आली.

मी पाळीवर बसली. लई वेळ. पान्यात आपलंच तोंड दिसत होतं, अन् पाहू वाटत नव्हतं.

घरी आली, पेटी उघडली. फोटो काढला. आता हेबी सांगतो. तो फोटो मी मोडून ठेवला होता. मधातून घडी. एका बाजूनं मी अन् मंगेश. वर्षा मांगं दुमडलेली. पेटी उघडली का मले आमी दोघंच दिसावं म्हनून.

तिच्या हातात देल्ला. तिनं उलगडला. घडी तिच्या गालावरून गेली होती.

"उंदीर लई शिस्तीचा होता व आत्या," म्हने.

"मीच तो," मी म्हनलं.

मले वाटलं आता बोलन. बोललीच पाह्यजे होती. मीच तिच्या जागी असती त पेटी अंगनात फेकली असती. तिनं फोटो पुसला, दोन वह्यांत घातला, अन् वरतून पाटा ठेवला. घडी निघाले पाह्यजे म्हनून. मंग चूल पेटवाले गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. आमी दोघीबी तशीच जेवली.

दुसऱ्या दिवशीपासून आमी पुन्हा भराले बसली. ह्या वेळेस मीबी पाळीवर. मले वाचता येत नाई. पन जाळं मले येते. पान्यात टाकाच्या आंधी जाळं उजेडाले धरा लागते, अन् एक-एक घर पाहा लागते. एक घर फाटलं का सारी मेहनत तिथून निघून जाते. वर्षाले म्हनलं, तसंच कर. तू एक ओळ वाच, मराठीत सांग, मी 'हो' म्हनलं का पुढची. ती वाचे, मी ऐको.

"लग्नाची तारीख."

"हो."

"गाव."

"गाव मांगच्या कागदावर अलग होतं. तू पोस्टाचं गाव टाकलं होतं. इथी आपलं टाकलं. दोनीकडं एकच टाक."

तिनं मांगचं काढून पाह्यलं. खरंच अलग होतं. "आत्या, तू शाळेत गेली असती त कलेक्टर झाली असती."

"जाळंच फेकलं असतं," मी म्हनलं. दोघी हासली. लई दिवसांनी.

पान उघडाले वेळ लागे. ती मोबाईलकडं पाह्यत नख खाये. मी तिच्या हातात फाटकं जाळं अन् सुई देल्ली. हात हालत राह्यला का डोकं गप बसते, हे मले नवरा मेला तवा समजलं होतं. पान उघडे तोवर ती चार घरं शिवून टाके. त्या महिन्यात आमच्या घरचं एकबी जाळं फाटकं राह्यलं नाई.

मंग एक चिठ्ठी लिवली. बाशिंगाची. मी सांगतलं, तिनं मराठीत लिवलं, मंगेशनं तिकडून इंग्रजी केली. आमच्यात तोंड उंबरठ्यापर्यंत झाकून राह्यते. उचलाचा मान सासूचा. ह्या फोटोत जे हात दिसून राह्यले ते माहे आहेत. फोटोवर घडी आहे ती मी पाडली. मले पोरगा सोडवत नव्हता.

वर्षा थांबली. "हे कशाले लिवाचं, आत्या?"

"घडी दिसते. इचारतीन. खरं आहे ते लिव."

खाली माहा आंगठा.

फाईल पुन्हा मुंबईले गेली. आता वाट पाहून राह्यली आमी. काय होईन मले मालूम नाई.

मांगच्या आठवड्यात मालगुजारीनबाईनं निरोप धाडला. मी गेली. ह्या वेळेस मासोळ्या नव्हत्या हातात. अन् पायरीखाली उभी नाई राह्यली, सपरीत चढली.

"काय व, सून कधीपासून पाठवतं?"

"नाई पाठवत."

"वीजा आला का मंग?"

"नाई आला."

"मंग काय करते ती घरी बसून?"

"तिचं काम करते. बाई, ती तुमच्या घरी भांडे नाई घासनार. वीजा आला तरी नाई अन् नाई आला तरी नाई. अन् ह्या वर्साचा रोवना मीबी तुमच्याकडं नाई करत."

"लई मस्ती आली व ढिवरीन तुले."

"हो," मी म्हनलं. "आली." अन् उतरली.

माही जळन गेली नाई. कोनी समजू नका का गेली. अजूनबी फोनवर तिचं हासनं ऐकलं का पोटात तो काटा हालते. ती गेली का मी एकली. मालूम आहे मले. चुलीपाशी एकच ताट राह्यन, पेटीत फोटोबी नाई, काऊन का तो फाईलसंगं गेला. जळीन मी. पन आपल्या चुलीपाशी जळीन. तिच्या वाटंवर नाई.

पुन्हा नाई म्हनले, त पुन्हा भरू. पह्यल्या ओळीपासून. जाळं उजेडाले धरून, एक-एक घर पाहून. अन् ह्या वेळेस कोनाच्या पायरीवर इचाराले नाई जाईन मी, होते का नाई होत.