टॉर्चले नंबर कशाले पाहिजे?

मोबाइलवर माझ्या थोरल्या भाऊजींइतका चिडलेला माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही, आणि मोबाइलमध्ये त्यांच्याइतका वेळ डोकं घालून बसणाराही दुसरा कोणी नसेल. पोंभुर्ण्याला त्यांची धानाची गिरणी आहे. जी मशीन उघडून आत बघू देत नाही ती घ्यायची नाही, हा त्यांचा गिरणीतला जुना नेम. तोच त्यांनी फोनला लावला. ज्या ॲपचं आतलं लिखाण, म्हणजे कोड, कोणालाही उघडून वाचता येतं आणि जे फुकट मिळतं, तेवढंच घ्यायचं. बाकी सगळी चोरांची. त्या लिखाणातली एक ओळही भाऊजींना कळत नाही. मी एकदा तसं म्हणालो, तर उसळलेच. "मले नाई समजत, कबूल. पण ज्याले समजते तो तं वाचू शकते ना? झाकून ठेवलं तं कोण वाचन?"

या रागाची सुरुवात त्यांच्या व्याह्यांसमोर झाली. माझ्या भाचीचं लग्न ठरत होतं. बैठकीत भाऊजी होणाऱ्या व्याह्यांना फोनवर गिरणीचा व्हिडिओ दाखवत होते. मध्येच व्हिडिओ थांबला आणि एक डॉक्टर हसतमुखाने मूळव्याधीवरचा रामबाण इलाज सांगू लागला. तो संपला, तर दुसरा आला, तोही मूळव्याधीचाच. आदल्या दिवशी भाऊजींनी या दुखण्याचा उपाय गुपचूप फोनवर शोधला होता. माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. व्याही सज्जन. त्यांनी खिडकीबाहेर बघत पावसापाण्याचा विषय काढला. पाहुणे गेले आणि भाऊजी अंगणात गरजले, "माह्या बायकोले माहीत नाई, ते याले कोणं सांगतलं?"

मग फोनमधल्या एकेका ॲपची उलटतपासणी सुरू झाली. मुलीच्या स्थळाची केली नसेल एवढी चौकशी त्यांनी ॲपांची केली: कोणी बनवलं, कशाला बनवलं, काय काय मागतं. टॉर्चच्या ॲपने फोनमधले सगळे नंबर मागितले, तेव्हा गिरणीत पोती घेऊन आलेल्या लोकांना त्यांनी ओरडून विचारलं, "टॉर्चले माह्या साळ्याचा नंबर कशाले पाहिजे? त्याच्या घरी उजेड दाखवाले जाते का हा?" तो साळा म्हणजे मी. टॉर्च गेला. कीबोर्ड गेला, कारण टाइप केलेला शब्दन् शब्द तो बाहेर कळवतो असा त्यांना संशय होता. प्रत्येकाच्या जागी उघड्या लिखाणाचा नवा गडी आला. नव्या कीबोर्डला जोडाक्षरांचं वावडं होतं, त्यामुळे भाऊजींचे निरोप आम्ही घरची माणसं अंदाजाने वाचू लागलो.

नकाशाही बदलला. लोकांनी आपापल्या गावचे रस्ते स्वतः भरून तयार केलेला, कुणाच्या मालकीचा नसलेला नकाशा. त्याच्या भरवशावर आम्ही एका लग्नाला सिरोंच्याकडे निघालो आणि एका नाल्यापाशी रस्ताच संपला. पलीकडे जंगल. ताई नवी पैठणी नेसून गाडीत घामाने भिजली होती. भाऊजी शांतपणे उतरले आणि फोनवर टिचटिच करू लागले. "आता काय करून राह्यले?" ताईने विचारलं. "इथी रस्ता नाई म्हणून लिहून राह्यलो. आपल्यामागून येणारा तरी फसू नये." मागून कोणी येणार नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा मांडवात पंगती उठत होत्या.

इथपर्यंत सगळे हसायचे. मग भाचीला मुलगी झाली. बाळंतपण माहेरीच झालं आणि बारसंही पोंभुर्ण्यालाच. भाऊजी मांडवाच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते, "लेकरू पाहा, खेळवा, आशीर्वाद द्या. पण फोटो कुठी टाकू नका." लोक मान डोलावून आत जायचे आणि पाळण्यावर फोन धरायचे. भाची चिडली. "बाबा, माझ्या मुलीच्या बारशात तरी तुमचं ते राहू द्या!" म्हणाली आणि सगळ्यांसमोर तिने स्वतःच फोटो टाकला. भाऊजी न जेवता गिरणीत जाऊन बसले. बापलेकीचं बोलणं त्यानंतर ताईच्या मार्फतच होऊ लागलं.

उन्हाळ्यात माजरीहून ताईच्या चुलतनणंदेचा रडत फोन आला. "एवढं झालं, आमाले सांगतलं काऊन नाई?" तिला कुठूनतरी एक फोटो आला होता. फोटो आमच्याच छकुलीचा, बारशातला, पण नाकात नळी चिकटवलेली, खाली भलतंच नाव, आणि मजकूर असा की या बाळाच्या हृदयाला छिद्र आहे, दयावंतांनी पैसे पाठवावेत. भाऊजींनी तक्रार केली, धावपळ केली. फोटो एका ठिकाणाहून हटला आणि दुसरीकडे उगवला.

दोन दिवसांनी भाची मुलीला घेऊन आली. मी तिथेच होतो. आता भाऊजी इतक्या दिवसांचा राग काढणार म्हणून मी उगाच घसा खाकरत मध्ये उभा राहिलो. भाची दारातच रडू लागली. भाऊजींनी नात तिच्या हातातून घेतली, बाळाच्या नाकाला हळूच बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "जेवली का तू?" एवढंच. रात्रीच्या जेवणानंतर तिने आपला फोन त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, तुम्हीच निवडून द्या." भाऊजी चष्मा पुसून बसले आणि प्रत्येक ॲप काढण्याआधी तिला विचारत गेले, "हे काढू? चालन ना तुले?" इतक्या मऊ आवाजात मी त्यांना कोणाशी बोलताना ऐकलं नव्हतं.

परवा आम्ही दोघे एसटीने चंद्रपूरला येत होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने आपल्या नातवाचे फोटो दाखवले आणि विचारलं, "तुमची नात केवढी झाली, भाऊ? दाखवा ना." भाऊजींच्या फोनमध्ये तिचा एकही फोटो नाही. त्यांनी थोडा विचार केला, मांडीवरची पिशवी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात हवेत धरले. "एवढी," ते म्हणाले. मग हात जरा लांब केले. "नाई, आता एवढी असन." बस धक्के खात होती, तरी बराच वेळ त्यांनी हात तसेच धरून ठेवले होते.