वाचनालयातल्या बंद कपाटाची किल्ली

मंडळी, आज दुपारी जे झालं ते इथे लिहितेय. शिव्या घालायच्या तर घाला.

बाभुळगावच्या आमच्या वाचनालयात एक कपाट मी कुलपात ठेवते. पोरांनी वाचू नयेत अशी पुस्तकं त्यात असतात. आज नववीतली एक मुलगी आली आणि त्यातलीच एक जुनी, नावाजलेली कादंबरी मागू लागली.

मी तिला सगळ्यांसमोर झापलं. "वय काय तुझं? त्यात बाप शेवटी विष पिऊन मरतो. झोप लागणार नाही तुला. गोष्टींचं पुस्तक ने एखादं." पेपर वाचत बसलेले दोघं हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पोरगी हलली नाही. तिनं गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. त्याला किल्ली होती.

"काकू, फवारणीच्या औषधाची पेटी आमच्या घरी कुलपात राह्यते. बाबाच्या हाती लागू नये म्हणून आईनं किल्ली माह्या गळ्यात बांधली. शाळेतही गळ्यातच असते."

"मग असलं कायले वाचतं?" माझा आवाज अजून चढलेलाच.

"पुस्तकातला बाप शेवटी जगते का, तेवढंच पाह्याचं होतं मले. तुम्ही तं सांगूनच टाकलं."

ती गेली. कपाटाचं कुलूप मी तेव्हाच काढलं.

तिच्या वयाला काय झेपतं, हे मला शिकवू नका. उद्या ती परत आली तर काय देऊ, तेवढं सांगा. बाप जगतो असं एखादं पुस्तक आहे का कुणाकडे?