भोंगा बंद

"पाळणा सोड म्हन्लं न मी."

"माय, लेकरू आत्ताच झोपलं. काहून उठवते त्याले?"

"ज्या भिंतीवर पाळण्याची म्याल टेकली, तिलेच भेग पडली. तुले दिसत नाही?"

"आज सुरुंग उडत नाही. उडवाचा असला की मोबाईलवर मेसेज येते."

"काल आला व्हता?"

संघदीपनं हातातला मोबाईल खिशात टाकला. काल मेसेज आला, तेव्हा त्याची आई इंदूबाई सुरुंगानं पडलेल्या ताटल्या गोळा करून चुलीशी बसलीसुद्धा होती.

इंदूबाई वणीकडच्या या गावात लग्न होऊन आली, तेव्हा घरामागं कापूस होता. आता तिथं उघडी कोळसा खाण आहे. मागचं दार उघडलं की जमीनच संपते. सुरुंगाआधी खाणीचा भोंगा वाजायचा. तो वाजला की इंदूबाई आधी बाबासाहेबांची तसबीर उतरवायची, मग फळीवरची जर्मनची भांडी. मग शेजारपाजार हाकत सगळ्यांना बुद्धविहारापुढच्या पटांगणात न्यायची. कोणी रेंगाळली की म्हणायची, "काय वं, भिंत अंगावर पडाची वाट पाहून राह्यली का?"

हळूहळू गाव सुरुंगालाच भोंगा म्हणू लागलं. भोंग्यानं घर तडकलं. भोंग्यानं विहीर आटली. लहान पोरंही तसंच म्हणायची.

मग खाणीवाल्यांनी गावाची बैठक घेतली. साहेब बाहेरचे, फार नम्र. गावाचं ऐकल्याशिवाय खाण चालवणार नाही, म्हणाले. इंदूबाई पदर खोचून उभी राहिली. "आमचं एकच मागणं हाय. भोंगा बंद करा." टाळ्या पडल्या. खाणीत नुकताच 'गावमित्र' म्हणून लागलेला संघदीप शेजारीच उभा होता. त्यानं ते साहेबांना हिंदीत सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात भोंगा बंद झाला. सुरुंग चालूच राहिले. खाणीच्या फाटकावर फलक लागला: गावाची मागणी मान्य.

"तूच त मागतलं न, माय," संघदीप आता म्हणाला. "साहेब अजून तुह्यं नाव घेतात."

"तू त्याईले काय सांगतलं?"

"तू म्हन्लं तेच. सायरन बंद करो."

इंदूबाईनं पाळण्यात हात घातला. नातवाच्या दुपट्यावर भेगेतली माती सांडली होती. तिनं ती बोटांनी टिपली, लेकापुढं धरली.

"तू याच घरात लहानाचा मोठा झाला. पटांगणात मी तुले कडेवर घेऊन पळत होती. भोंगा म्हंजे काय, ते साहेबाले नसन मालूम. तुले बी नव्हतं?"

फळीवरची भांडी बारीक किणकिणू लागली. तिनं लेकराला उचलून छातीशी घट्ट धरलं.

संघदीपनं खुंटीवरचं खाणीचं पिवळं हेल्मेट काढलं, घरातच डोक्यावर चढवलं आणि बाहेर पडला.