सविताच्या पोटातले निळे टाके

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून सरळ स्वयंपाकघरात जायचे — यावर माझं मत एवढंच. त्यामुळे हे लिहिताना अजूनही लाज वाटतेय...

आमचं मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत, बसवनगुडीला. मी सर्जन. वजन कमी करण्याची ऑपरेशन्स करायचे आणि त्यानंतर भूक का मंदावते यावर संशोधन. या ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, उरते ती बारीकशी नळी.

रघुनाथ नावाच्या एका पेशंटच्या वेळी त्या नळीच्या वरच्या टोकाला रक्त थांबेना. मी निळ्या धाग्याचे तीन टाके घातले. मधला जरा तिरका बसला. ऑपरेशन छान झालं. पण घरी गेल्यावर पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली आणि तो वारला. सगळी काळजी घेऊनही असं होतं कधी कधी. तरी त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

पुढच्या वर्षी सविता आली. जयनगरच्या एका शाळेत शिक्षिका. तीही घरी मराठी बोलणारी, म्हणून जवळीक वाटून मला डॉक्टर न म्हणता अक्का, म्हणजे ताई, म्हणायची.

"जिना चढवत नाही अक्का, मुलं मागे हसतात. स्वल्प, जरा लवकर करा ना."

तिची दुर्बिणीची तपासणी मी स्वतः केली. जठर अख्खं, निरोगी. पोटावर एकही व्रण नाही.

ऑपरेशनच्या दिवशी कॅमेरा आत घातला आणि माझा हात थांबला. जठर आधीच कापलेलं होतं. बारीक नळी, वरच्या टोकाला तीन निळे टाके... मधला तिरका.

भूल देणारे डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मॅडम, हिचं आधीच झालंय की!"

"मग व्रण कुठाय? दाखवा मला."

मी काहीही न करता पोट बंद केलं.

शुद्धीवर येताच सविताने विचारलं, "झालं ना, अक्का?"

खरं सांगितलं तेव्हा तिची आई रडत देवाच्या शपथा घेऊ लागली, की पोरीला याआधी कधी ऑपरेशन टेबलावर झोपवलेलंच नाही. सहकारी म्हणाले, तपासणीच्या रिपोर्टची अदलाबदल झाली असेल. पण तपासणी मीच केली होती! पुन्हा दुर्बीण घातली, तर नळीच दिसली. भूक मात्र तशीच, पूर्वीसारखी.

त्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग पाहून दुसरं ऑपरेशन करायला कुणी सर्जन तयार होईना. सविताचं वजन वाढत गेलं, नोकरी सुटली, मग घराबाहेर पडणंही. मी सर्जरी सोडली. संशोधनही... डोळ्यांनी पाहिलेल्यावरच विश्वास उरला नाही, तर शोधायचं काय?

मध्यंतरी तिला भेटायला गेले होते. पलंगावरून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "अक्का, तुम्ही कापलं नाही म्हणता. मग माझं पोट नेलं कुणी?"

मी तशीच उठून घरी आले. हल्ली ती फोन करत नाही, आणि मीही करत नाही.