तांड्याच्या काठाला बोट लागत नव्हती

नोकरीतले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. बोटीच्या इंजिनाची ती चोरी मात्र अजून जशीच्या तशी आठवते. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि मी बाभुळगावच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो.

हद्दीतल्या धरणावर एका ठेकेदाराची प्रवासी बोट चालायची. पलीकडचं गाव पाण्यातून अर्ध्या तासावर. रस्त्याने जायचं तर दोन एस.टी. बदलण्यात दिवस मोडायचा. एका दुपारी बोटीचा नावाडी धावत ठाण्यात आला. तो जेवायला घरी गेला असताना चाळीस हॉर्सपॉवरचं नवं इंजिन कोणीतरी काढून नेलं होतं.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. भंगारात विकणारा चोर पेट्रोलची नळी कापून मोकळा होतो. इथे नळी नीट सोडवून गुंडाळून ठेवलेली होती. काठच्या चिखलात बैलगाडीच्या चाकोऱ्या थेट पाण्यात उतरल्या होत्या. गाडी उलटी पाण्यात घालून ते सत्तर किलोचं धूड तिच्यावर सरकवलेलं दिसत होतं. ओझी वाहण्यात हयात गेलेल्या माणसाचं हे काम होतं.

तिसऱ्या दिवशी धक्क्याजवळच्या पंक्चरवाल्याने माझ्या हवालदाराला बाजूला घेतलं. "तांड्यावरचा म्हातारा माह्याकडून सतराचा पाना घेऊन गेलता. त्याच्याकडं सायकलबी नाही. पाना कायले पाह्यजे त्याले?"

धरणाच्या फुगवट्याला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. म्हाताऱ्याला चौकशीसाठी आणलं. सत्तरीचा, पण पाठ ताठ. दोन तास त्याचं एकच उत्तर, "मले माहीत नाही." हवालदाराने टेबलावर काठी आपटली, आवाज चढवला. काही फरक पडला नाही. शेवटी मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि चहा मागवला. म्हाताऱ्याने कप हातात धरून ठेवला आणि मलाच विचारलं, "साहेब, नावाड्यानं लहान मशीन बसवली का बोटीले?"

आरोपी जामिनाचं विचारतात, वकिलाचं विचारतात. हा प्रश्न मला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होता.

"नाही," मी म्हणालो. "बोट बंद आहे."

त्याचा चेहरा उतरला. मग तो आपणहून बोलू लागला. "इकाले नाही नेली साहेब. पंधराची मशीन होती तवा बोट आमच्या काठाले लागे. बजाराच्या दिवशी पोरगी पलीकडच्या गावाहून सकाळी ये अन् दिवस बुडाच्या आत सासरी जाये. चाळीसची आली अन् आमचा काठ बंद झाला. धक्क्यावर उतरून तांड्यावर आलं तर परतीची बोट भेटत नाही. एस.टी.नं यायचं म्हणजे मुक्काम पडते, अन् सासरचे मुक्कामाले धाडत नाहीत. तिच्या याडीले, मायले, लकवा हाय. आठ महिने झाले, दाराकडंच पाह्यत राह्यते."

"अर्ज नाही दिला?"

"तीन देल्ले. मोठी गेली तर तो जुनीच काढन, असं वाटलं."

इंजिन त्याच्या घरामागे कडब्याखाली, कांबळ्यात गुंडाळलेलं मिळालं. खाटेवरच्या त्याच्या बायकोने आम्हा खाकीवाल्यांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा दाराकडे मान वळवली.

नावाड्याला मी तांड्याचा काठ सोडण्याचं कारण विचारलं. तो म्हणाला, "लहान मशीन वैशाखाच्या वाऱ्यात भरली बोट ओढे ना साहेब. एकदा वीस माणसं घेऊन भलतीकडंच वाहत गेलतो. म्हणून मोठी आणली. पण तिच्या वजनानं बोट मागून दबते, पंखा खोल जाते. तांड्याकडं पाण्यात बुडालेल्या बाभळीचे खुंट हायेत. पंखा तुटला तर मधातच अडकलो ना."

दोघंही खरं सांगत होते. गुन्हा होता, तेव्हा दोषारोपपत्र मी पाठवलंच. कोर्टाने म्हाताऱ्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. त्याच्या तीन अर्जांचा शोध घेऊन ते मी तहसीलदारांपुढे ठेवले. दोन महिने हेलपाटे झाल्यावर ठरलं की मोठी बोट चाळीसच्या इंजिनावर धक्क्यावरूनच चालेल, आणि बाजाराच्या दिवशी दहा माणसांची छोटी बोट पंधराच्या इंजिनावर तांड्याकडे जाईल.

पहिल्या फेरीला मी काठावर उभा होतो. म्हाताऱ्याने बायकोला गाडीत गवतावर निजवून आणलं होतं. खुंटांजवळ नावाड्याने इंजिन हलकेच वर उचललं आणि बांबूने बोट आत रेटली. बोट थांबायच्या आधीच मुलगी गुडघाभर पाण्यात उतरली. तांड्यातल्या बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. तसा तिने आईच्या गळ्यात पडून सूर धरला. लकव्याने जड झालेल्या जिभेला शब्द जमत नव्हते, तरी आई तिच्या सुरात सूर मिळवत राहिली. म्हातारा बैलांच्या तोंडाकडे जाऊन उभा राहिला.

चोरी झाली की कोणाचा फायदा झाला, हे आम्ही आधी शोधतो. कोणाची कोणाकडे ओढ आहे, हेही शोधावं लागतं, हे मला त्या तपासाने शिकवलं, तेही नोकरी संपत आल्यावर.

यवतमाळला माझी आई एकटी राहायची. ठाण्यापासून तासाभराचा रस्ता, मध्ये कुठलंही पाणी नाही. दोन महिने मी घरी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळीच पोहोचलो. आईने दार उघडलं, मला डोळे भरून पाहिलं आणि विचारलं, "किती वाजता निघशील?"